घाटमाथ्यावरचे लेणे आणि परळचा पदपथ

जुन्नरच्या पश्चिमेला, जेथे सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात कोसळतो, तेथे जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे महादेव कोळी आदिवासींचे गाव आहे. (विजेच्या प्रकल्पामुळे वर्तमानपत्रांतून गाजलेले घाटघर अकोले तालुक्यातले, ते हे नव्हे.) गावाच्या लगतच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल या घाटाने वर चढे आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. चढ संपत आला, छाती भरून आली, पाय उचलेनासा झाला, की नेमक्या त्या जागी कातळात एक प्रशस्त दालन खोदलेले आढळते. तीन भिंतींना लागून बसण्या-निजण्याजोगे ओटे आहेत आणि जवळपास पाण्याची टाकी आहेत. भिंतींवर राणी नागनिकेचा विख्यात ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे यांचा तपशीलवार हिशेब आहे. ज्या पाथरवटांनी हे दालन खोदले त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. इतिहासाची ही सवय जुनीच आहे.

हे दालन म्हणजे वाटसरूंचे विश्रांतिस्थान असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरा सांगते. परंपरेचा पुरावा कितीही कच्चा असो, तिने जे दोन विचार शेजारी शेजारी ठेवले आहेत ते मात्र पक्के आहेत. वाटेवरच्या सर्वांत मोक्याच्या जागी थकलेल्या माणसाला टेकायला सार्वजनिक निवारा असावा, हा पहिला. त्या वाटेमुळे जागेला आलेले मोल खासगी खिशात न जाता सार्वजनिक रांजणात पडावे, हा दुसरा.

या घाटघरचा माणूस आज मुंबईला जातो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते?

तो हौसेने क्वचितच जातो. भाताचे पीक एकदाच येते, उन्हाळ्यात हिरडा गोळा करावा, उरलेले महिने नारायणगाव-ओतूरकडच्या बागायतदारांच्या शेतावर मजुरी करावी, असा ज्याचा वर्षाचा हिशेब, त्याला मुंबईची सहल सुचत नाही. तो जातो ते घरातल्या कोणाला तरी असाध्य दुखणे जडते तेव्हा, नाही तर मंत्रालयावर मोर्चा असतो तेव्हा. रुग्ण परळच्या के.ई.एम. रुग्णालयात किंवा टाटा रुग्णालयात दाखल होतो आणि सोबतच्या दोघांनी रात्र कोठे काढायची हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो. उत्तरही ठरलेले आहे: रुग्णालयाच्या भिंतीलगतचा पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, अंगाखाली प्लास्टिकचा तुकडा आणि उशाला तपासण्यांच्या कागदांची पिशवी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी अपार काम करते. परंतु देशभरातून येणाऱ्या रुग्णांचा भार एका धर्मशाळेने किती उचलावा?

या माणसालाही ‘मोक्याची’ जागाच हवी असते, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मध्यरात्री परिचारिकेने औषधाची चिठ्ठी दिली तर पाच मिनिटांत हजर राहता यावे, सकाळी केसपेपरच्या रांगेत नंबर लागावा, बसभाड्यावर रोज पैसे जाऊ नयेत, म्हणून तो जवळची जागा शोधतो. विरारला नातेवाइकाची खोली असली तरी ती त्याच्या उपयोगाची नसते. तेव्हा पदपथ हा त्याने केलेला ठिकाणाचा विचारपूर्वक निर्णय असतो. त्याच वेळी, त्याच परळ-लालबागच्या आसमंतात, जुन्या चाळींच्या जागी उठलेल्या मनोऱ्यांतून रात्रीच्या हिशेबाने भाड्याने मिळणाऱ्या सदनिकांच्या जाहिराती पाहाव्यात. ‘स्थानकापासून चालत पाच मिनिटे’, ‘समुद्र दिसणारी गच्ची’, ‘सर्व प्रेक्षणीय स्थळे जवळ’. सुट्टीसाठी घर निवडणारा पाहुणा आणि पदपथ निवडणारा रुग्णाचा भाऊ, दोघेही एकाच निकषावर जागा पारखीत असतात. फरक ऐपतीचा.

पण हे ‘ठिकाण’ निर्माण कोणी केले? १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हापासून रेल्वेने स्थानकांभोवतीच्या जमिनीला जे मोल दिले ते कोणाही घरमालकाच्या कर्तृत्वाने आलेले नाही. समुद्र हटवून भूमी काढली ती सरकारने. पाणी येते ते तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून, आणि ज्या शहापूर तालुक्यातून ते येते तेथील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रस्ते महापालिकेचे, रुग्णालये जनतेच्या पैशाची, आणि हे सारे उभे करणारे हात घाटावरचे, कोकणातले, उत्तरेकडचे. सदनिकेच्या मालकाने भिंतींना रंग दिला, दोन गाद्या आणल्या, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे चढवली. भाडे मात्र तो गाद्यांचे घेत नाही, ठिकाणाचे घेतो. हीच सदनिका ठाण्यापलीकडे नेऊन ठेवा आणि मग भाडे किती मिळते ते पाहा.

रात्रीच्या भाड्याचे गणित समजायला अर्थशास्त्री असण्याची गरज नाही. समजा, एका खोलीचे महिन्याचे भाडे तीस हजार रुपये येते आणि तीच खोली पाहुण्यांना रात्रीला तीन हजार रुपयांनी देता येते. महिन्यात दहा रात्री पाहुणा मिळाला की मालकाची भरपाई झाली. अकरावी रात्र निव्वळ नफ्याची. अशा स्थितीत तो बारा महिने राहणाऱ्या, मुलांना जवळच्या शाळेत घालणाऱ्या, मतदारयादीत नाव असणाऱ्या भाडेकरूला दार का उघडील? २०११च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद केले होते. त्याच जनगणनेत शहरातील शंभरात चाळिसांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहणारी निघाली. रिकामे घर आणि बेघर माणूस एकाच गल्लीत नांदतात ते काही योगायोगाने नव्हे.

मुंबईत परगावच्या गरीब माणसाला मोक्याची जागा कधीच मिळत नव्हती, असे मात्र नाही. मिळत होती, आणि ती त्याने स्वतःच्या संघटनशक्तीने मिळवलेली होती. गिरणगावातील ‘गावकीची खोली’ ही संस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे मोल सांगायला नको. एकाच गावच्या दहा-पंधरा पुरुषांनी मिळून चाळीतला एक गाळा घ्यायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर प्रत्येकाची ट्रंक, दोरीवर कपडे, कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. पहिल्या पाळीचे लोक उठले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या, सावकाराच्या पाशात अडकलेल्या बाया १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या, हा श्रमिक चळवळीच्या इतिहासातला एक उजळ अध्याय आहे. गावाहून कोणी औषधपाण्याला, कोर्टकचेरीला वा नुसती राणीची बाग पाहायला आला, तरी तो याच खोलीत उतरे. पत्ता विचारावा लागत नसे, भाडे ठरवावे लागत नसे. ‘घाटी’ म्हणून शहराने ज्याला हिणवले त्याने शहराच्या मध्यभागी स्वतःची धर्मशाळा चालवली, आणि तीही कोणा शेठजीच्या देणगीवाचून.

गोव्याच्या लोकांनी हीच कल्पना अधिक शिस्तीने राबवली. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाचे ‘कूड’ असे. जहाजावर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधला काळ तेथे काढी. नोकरीच्या शोधात आलेला तरुण तेथेच पथारी टाकी. महिन्याची वर्गणी नाममात्र, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना सक्तीची. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीतील कूड प्रसिद्धच आहेत. दक्षिण मुंबईतील त्या चौकाइतके मोक्याचे ठिकाण आज सुट्टीच्या सदनिकेसाठी शोधू म्हटले तर रात्रीला काय मोजावे लागेल याची कल्पना कोणालाही करता येईल. खलाशी ते पेटीवर डोके ठेवून मिळवीत होता. कारण जागा गावाची होती, विक्रीची नव्हती.

या संस्थांचे गोडवे गाताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. गावकीची खोली बहुशः जातीचीही खोली असे. ती पुरुषांची होती. आजारी बाईला, तिच्यासोबत आलेल्या आईला तेथे थारा नव्हता, आणि कूडही तसेच. शिवाय कागदावर नाव बहुधा एका कोणाचे असे. त्यामुळे पुनर्विकासाची वेळ आली की मालकी त्या एका नावाची ठरते आणि गावाचा हक्क हवेत विरतो. बी.डी.डी. चाळींचेच उदाहरण घ्यावे. १९२०च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील या २०७ इमारतींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांनी किती गावांना आसरा दिला याची मोजदाद नाही. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांच्या आनंदात कोणीही मनापासून सहभागी व्हावे. पण त्या आराखड्यात परगावच्या पाहुण्याचा गाळा कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारला का?

गिरण्यांच्या जमिनींची कथा तर सर्वांना तोंडपाठ आहे. १८ जानेवारी १९८२ला संपावर गेलेले सुमारे अडीच लाख कामगार देशोधडीला लागले. १९९१च्या नियमाने महापालिका, सार्वजनिक घरे आणि मालक यांत जमिनीचे तीन वाटे ठरले. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सुमारे सहाशे एकरांतून धर्मशाळेला एक एकर सुटला नाही.

एक गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे आणि ती कार्यकर्त्यांनी पुन्हा उकरून काढली पाहिजे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याचे पूर्ण नाव काय होते? ‘मुंबई भाडे, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम’. स्वातंत्र्याच्या वर्षी या प्रांताच्या शासनाला असे वाटत होते की कायम राहणाऱ्याच्या भाड्याइतकाच चार दिवस उतरणाऱ्याच्या खोलीचा दरही लोकहिताचा विषय आहे, आणि तो वाजवी ठरवण्यासाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले होते. मार्च २०००च्या अखेरीस त्याची जागा १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. नव्या नावातून हॉटेलही गेले आणि लॉजिंग हाऊसही गेले. ज्या काळात रात्रीच्या भाड्याचा बाजार भ्रमणध्वनीवरून घराघरांत शिरणार होता, त्याच्या तोंडावर नियंत्रणाची ती कल्पनाच सोडून दिली गेली.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सुट्टीवर जाणे हा काय गुन्हा आहे? साताऱ्याच्या शिक्षकाने दिवाळीत मुलांना समुद्र दाखवायला मुंबईस नेले आणि हॉटेल परवडत नाही म्हणून चौघांसाठी एक सदनिका घेतली, तर त्याला दोष का द्यावा? मुळीच देऊ नये. समाजवाद्यांना तर सुट्टीचे वावडे असण्याचे कारणच नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये लेआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्क दिला, रेल्वेची सवलतीची तिकिटे काढली आणि हजारो कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. भाकरीबरोबर विसावाही मागणारी ती परंपरा आहे. भारतातही बँका, विमा आणि रेल्वे यांतील कर्मचाऱ्यांना मोठ्या शहरांतून सवलतीची हॉलिडे होम मिळतात. मोक्याच्या ठिकाणी, माफक दरात, कुटुंबासह राहता येते. अशी सोय शक्य आहे हे त्यावरून सिद्धच होते. पण संघटित क्षेत्राच्या दाराशी ती थांबली. जो शेतमजूर वर्षभर द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतात राबतो त्याला भरपगारी रजाच नाही, मग हॉलिडे होम कोठले? चळवळीने हे अपयश स्वतःच्याही खात्यावर मांडले पाहिजे.

तेव्हा प्रश्न पाहुण्याचा नाही, घराचा आहे. ज्या घरात कोणी राहत आहे तेथे पाहुणा आला तर कोणाचे घर जात नाही. ज्या घरातून राहणाऱ्याला काढून पाहुण्यांची ये-जा सुरू केली, ते घर शहराने गमावले. हा भेद जगातील मोठी शहरे आता शिकत आहेत. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३पासून अंमल सुरू केला: तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर नोंदणी हवी, यजमान त्या घरातच राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाच्या समाजवादी महापौरांनी जून २०२४मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांच्या परवान्यांचे नूतनीकरण होणार नाही आणि नोव्हेंबर २०२८पर्यंत ती घरे नागरिकांना परत मिळतील. तेथेही हा विचार सुखासुखी रुजला नाही. भाड्याने पिचलेली माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा रुजला.

आणि गंमत अशी की न्यूयॉर्कचा हा नियम घाटघरला न लिहिता चालत आलेला आहे. पावसाळ्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा पाहायला किंवा हिवाळ्यात जीवधन चढायला येणारी शहरी मंडळी गावात उतरतात ती कोणाच्या तरी ओसरीवर. घरधनीण चुलीवर तांदळाची भाकरी आणि पिठले करते, म्हातारा वाट दाखवतो, रात्री पाहुणे आणि घरची पोरे एकाच छपराखाली निजतात. दोन पैसे मिळतात आणि कोणाचे घर रिकामे होत नाही. २०१८ साली जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून या डोंगरकड्यांच्या ‘ठिकाणा’ची किंमत शहरातल्या पैसेवाल्यांनाही कळू लागली आहे. परंतु येथे एक बांध आहे. १९७४च्या दुरुस्तीने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आणि तिला राज्य शासनाची पूर्वसंमती लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक आहे. पळवाटा शोधणारे शोधतातच. तरीही कायद्याचे तत्त्व निःसंदिग्ध आहे: जमीन प्रथम तेथे जगणाऱ्याची, मग ती हौसेने येणाऱ्याची.

जे तत्त्व घाटघरच्या भातखाचराला लागू आहे ते परळच्या चाळीला का असू नये? महापालिकेने रात्रीच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराची नोंदणी सक्तीची करावी. राज्याच्या निवास-न्याहारी योजनेत यजमानाच्या घरी उतरण्याची कल्पना आहेच. तिला प्रोत्साहन द्यावे आणि अख्खे घर पाहुण्यांना देण्यावर वर्षातील दिवसांची मर्यादा घालावी. त्यावर जो कर बसेल तो सर्वसाधारण तिजोरीत बुडू न देता स्वतंत्र निधीत ठेवावा आणि त्यातून प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर निवारे उभारावेत, स्त्रियांसह, कुटुंबासह राहता येईल असे, जात न विचारता. जेथे जेथे सरकारी जमिनीवर पुनर्विकास चालू आहे तेथे परगावच्या माणसासाठी काही गाळे राखून ठेवावेत. नाणेघाटाच्या रांजणाचा अर्थ याहून निराळा नाही.

यांतील कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही आणि म्हणूनच ती टाळण्याला सबब उरत नाही. मोर्चासाठी मुंबईत आलेल्या कार्यकर्त्यांनी आजवर आमदार निवासाच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून रात्री काढल्या. मनोरा आमदार निवास पाडले गेले आणि त्या जागी समुद्रासमोर, शहरातील सर्वांत महागड्या टोकाला, लोकप्रतिनिधींसाठी नवे निवासस्थान उभारण्याचे काम सरकारने हाती घेतले. आमदाराला मुंबईत चार दिवस राहायला मोक्याची जागा लागते, हे शासनाला पूर्णपणे मान्य आहे. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी शासनाला विचारावे, की टाटा रुग्णालयात सहा आठवडे विकिरणोपचार घेणाऱ्या घाटघरच्या बाईला ती लागते की नाही. आणि उत्तर लेखी मागावे.